ऑप्शनच्या रणनीतीची ‘असे झाले तर?’ चाचणी: सॉफ्टवेअरमध्ये काय भरावे आणि उत्तर कसे वाचावे

ऑप्शनची (ठरलेल्या भावाने खरेदी किंवा विक्री करण्याच्या हक्काच्या कराराची) कोणतीही रणनीती सॉफ्टवेअरमध्ये भरली की पडद्यावर सर्वांत आधी दिसतो तो एक्स्पायरीच्या, म्हणजे करार संपण्याच्या, दिवसाचा नफा-तोट्याचा आलेख. तो नीटनेटका असतो, त्याच्या रेषा सरळ असतात, ब्रेक-इव्हनच्या (ना नफा ना तोटा) जागा ठळक दाखवलेल्या असतात, आणि म्हणूनच बहुतेक जण तेवढाच पाहून ऑर्डर टाकतात. हा आलेख चुकीचा नसतो; मात्र तो एकाच प्रश्नाचे उत्तर देतो: एक्स्पायरीच्या दिवशी बाजार बंद होताना निर्देशांक अमुक पातळीवर असेल, तर माझे काय होईल? पोझिशन, म्हणजे घेतलेला सौदा, त्याआधी कित्येक दिवस हाती असते, ती ठेवायची की काढायची हा निर्णय त्याच दिवसांत घ्यावा लागतो, आणि त्या दिवसांचे चित्र या आलेखात नसते. ते चित्र आधीच काढून पाहणे हाच ‘असे झाले तर?’ चाचणीचा, म्हणजे व्हॉट-इफ विश्लेषणाचा उपयोग आहे.

संपूर्ण लेखात एकच उदाहरण घेऊ. निफ्टी २५,००० वर आहे, एक्स्पायरीला १४ दिवस आहेत आणि अंतर्निहित अस्थिरता, म्हणजे आयव्ही (ऑप्शनच्या भावांतून दिसणारी बाजाराची अपेक्षित वार्षिक हालचाल), १३ टक्के आहे. आपण आयर्न कॉन्डोर करतो: २४,५०० चा पुट (विक्रीचा हक्क) आणि २५,५०० चा कॉल (खरेदीचा हक्क) विकतो, तर २४,००० चा पुट आणि २६,००० चा कॉल हेज, म्हणजे संरक्षण, म्हणून विकत घेतो. हिशेब सोपा राहावा म्हणून व्याज आणि लाभांश शून्य धरले आहेत आणि सर्व स्ट्राइकना, म्हणजे हक्काच्या ठरलेल्या भावांना, एकच आयव्ही लावली आहे. ऑप्शनची किंमत काढण्याच्या ब्लॅक-शोल्स सूत्राने निव्वळ प्रीमियम, म्हणजे ऑप्शनची किंमत, सुमारे १२५ अंश येतो. लॉट, म्हणजे एका सौद्यातील संख्या, ७५ चा धरला, तर हाती सुमारे ९,४०० रुपये येतात आणि जास्तीत जास्त तोटा सुमारे २८,१०० रुपयांचा होतो. लॉटचा आकार एक्स्चेंज वेळोवेळी बदलते, त्यामुळे आपल्या हिशेबात त्या दिवशी लागू असलेलाच आकार घ्यावा. एक्स्पायरीच्या आलेखावर ब्रेक-इव्हन २४,३७५ आणि २५,६२५ असे दिसतील, आणि निफ्टी या दोन पातळ्यांच्या आत राहिला तर आपण सुरक्षित आहोत असा समज होईल.

एकच पातळी, निरनिराळी उत्तरे

आता सॉफ्टवेअरमधील लक्ष्य-तारीख एक्स्पायरीवरून हलवून उद्यावर आणा आणि निफ्टीची पातळी २४,५०० करा, म्हणजे २ टक्क्यांची घसरण धरा. एक्स्पायरीच्या आलेखात याच २४,५०० वर पूर्ण १२५ अंशांचा नफा दिसत होता. आयव्ही १३ टक्केच ठेवली, तरी उद्याच्या तारखेला तेथे सुमारे ६० अंशांचा, म्हणजे जवळपास ४,५०० रुपयांचा तोटा दिसतो. हीच पातळी आठवड्याने आली, तर तोटा सुमारे २५ अंशांवर येतो. निर्देशांक त्याच जागी असताना केवळ तारीख बदलल्याने तोट्याचा नफा होतो, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय या रणनीतीचे खरे स्वरूप कळत नाही.

परंतु येथे थांबणे धोक्याचे आहे, कारण आयव्ही १३ टक्क्यांवरच राहील असे आपण गृहीत धरले. निफ्टी एका दिवसात २ टक्के कोसळतो तेव्हा आयव्ही सहसा जागेवर राहत नाही. विमा म्हणून पुट विकत घेणाऱ्यांची घाई वाढते आणि प्रीमियम फुगतात. म्हणून उद्याची तारीख आणि २४,५०० ची पातळी तशीच ठेवून आयव्ही १८ टक्के करा. तोटा ६० वरून सुमारे १०५ अंशांवर, म्हणजे ७,९०० रुपयांवर जातो. उलट, उद्या निफ्टी २५,००० वरच राहिला आणि आयव्हीही हलली नाही, तर दिवसभर थांबल्याचे फळ सुमारे ८ अंश, म्हणजे ६०० रुपये असते. शांत दिवसाचे ६०० आणि एका वाईट दिवसाचे ७,९०० हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले की ‘रोज थोडे थोडे मिळत राहते’ या वाक्याचे वजन आपोआप ठरते.

तारीख, पातळी आणि आयव्ही ही तीन चले एकेकटी हलवून पाहणे ही शिकण्याची पहिली पायरी म्हणून ठीक आहे, परंतु निर्णयासाठी ती एकत्र हलवावी लागतात, आणि बाजारात ती जशी हलतात तशीच हलवावी लागतात. दोन बाजूंना दोन चले घेऊन चौकट आखली, तर तिचे सर्व कोपरे सारखे महत्त्वाचे नसतात. मोठी घसरण आणि उतरणारी आयव्ही हा कोपरा क्वचित भेटतो. मोठी घसरण आणि चढलेली आयव्ही हा कोपरा वारंवार भेटतो. आणि निर्देशांक संथपणे वर सरकतो तेव्हा आयव्ही बहुधा खाली येते. अनेक साधनांत केवळ पातळीची सरकपट्टी पुढे दिलेली असते आणि आयव्हीची पट्टी एखाद्या खिडकीआड दडलेली असते. ती शोधून काढणे हे पहिले काम समजावे. अमेरिकेतील बाजारात व्यवहार करणाऱ्या मराठी वाचकांना थिंकऑरस्विम या सॉफ्टवेअरच्या अॅनालाइझ विभागात तारीख आणि अस्थिरता यांचे बदल एकाच आलेखावर करता येतात; भारतीय साधनांत मांडणी वेगळी असली तरी शोधायच्या गोष्टी याच आहेत.

घसरण किती धरावी?

चाचणीत कोणते आकडे भरायचे हे मनाच्या कौलावर सोडले, तर आपल्याला हवे तेच उत्तर मिळते. एक आधार गणिताचा आहे. वर्षात साधारण २५२ व्यवहाराचे दिवस असतात, त्यामुळे वार्षिक आयव्हीला २५२ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १५.९ ने भागले की एका दिवसाची अपेक्षित हालचाल मिळते. १३ टक्के आयव्हीला ती सुमारे ०.८२ टक्के, म्हणजे २५,००० वर जवळपास २०५ अंश येते. एका दिवसासाठी याच्या एकपट आणि दुप्पट हालचाली दोन्ही दिशांना तपासाव्यात. पूर्ण १४ दिवसांसाठी हीच हालचाल सुमारे ६३५ अंशांची होते, आणि आपले ब्रेक-इव्हन ६२५ अंशांवर आहेत, म्हणजे ते दूर वाटले तरी बाजाराच्या स्वतःच्या अपेक्षेच्या कडेवरच उभे आहेत, हेही यातून समजते.

दुसरा आधार इतिहासाचा आहे आणि माझ्या मते तो अधिक महत्त्वाचा आहे, कारण गणिताने दुर्मीळ ठरवलेले दिवस बाजारात त्याहून अधिक वेळा येतात. ४ जून २०२४ रोजी लोकसभा निवडणुकीचे निकाल येत असताना निफ्टी १,३७९ अंशांनी, म्हणजे ५.९ टक्क्यांनी घसरून २१,८८४.५० वर बंद झाला. आदल्या दिवशी मतदानोत्तर चाचण्यांच्या भरवशावर त्याने मोठी उसळी घेतली होती. दुसऱ्याच दिवशी, ५ जूनला, तो ३ टक्क्यांहून अधिक सावरला आणि इंडिया व्हिक्स (निफ्टीच्या ऑप्शनवरून काढलेला अस्थिरतेचा निर्देशांक) २० च्या खाली उतरला. त्याआधी, २३ मार्च २०२० रोजी, निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के कोसळून ७,६१०.२५ वर बंद झाला होता आणि त्या महिन्यात इंडिया व्हिक्स ८० च्या वर गेला होता. हे दिवस घडून गेलेले आहेत. त्यामुळे ‘असे कुठे होते का’ हा प्रश्न निकाली निघालेला आहे, आणि प्रत्येक पोझिशनला असा किमान एक दिवस दाखवणे रास्त आहे.

आपल्या उदाहरणाला ४ जूनसारखा दिवस दाखवू: उद्याची तारीख, निफ्टी २३,५००, आयव्ही २५ टक्के. आयर्न कॉन्डोरचा तोटा सुमारे २६४ अंश, म्हणजे १९,८०० रुपये येतो. आता याच चौकटीत हेजचे दोन्ही लेग (रणनीतीतील एकेक ऑप्शन) काढून टाका, म्हणजे विकलेला पुट आणि विकलेला कॉल एवढेच, अर्थात नुसते स्ट्रँगल उरेल. सुरुवातीचा प्रीमियम १२५ ऐवजी १५७ अंश दिसेल आणि ते अधिक आकर्षक वाटेल. परंतु त्याच वाईट दिवशी स्ट्रँगलचा तोटा सुमारे ९८० अंश, म्हणजे ७३,५०० रुपये होतो. ३२ अंशांच्या, म्हणजे २,४०० रुपयांच्या जादा प्रीमियमसाठी आपण सुमारे ५३,७०० रुपयांचा जादा धोका विकत घेतो. दोन रणनीतींची तुलना करायची ती या पद्धतीने: दोन्हींना तीच तारीख, तीच पातळी आणि तीच आयव्ही देऊन. प्रीमियमचे आकडे किंवा नफ्याच्या शक्यतेची टक्केवारी शेजारी ठेवून केलेली तुलना अपुरी असते. ही टक्केवारी सॉफ्टवेअर सध्याच्या आयव्हीवरूनच काढते, त्यामुळे आयव्ही बदलणार असेल तर टक्केवारीही बदलणार, एवढे लक्षात ठेवावे.

ऑप्शन विकत घेणाऱ्यांसाठी

विकणाऱ्याला आयव्ही चढण्याची भीती असते, तशी विकत घेणाऱ्याला ती उतरण्याची असली पाहिजे. अर्थसंकल्प, रिझर्व्ह बँकेचे पतधोरण, निवडणुकीचे निकाल, कंपन्यांचे तिमाही निकाल अशा घटनांपूर्वी प्रीमियम फुगलेले असतात आणि घटना पार पडताच ते झपाट्याने बसतात. समजा, घटनेच्या आदल्या दिवशी निफ्टी २५,००० वर, एक्स्पायरीला ७ दिवस आणि आयव्ही २२ टक्के असताना कोणी २५,००० चे स्ट्रॅडल (त्याच स्ट्राइकचा कॉल आणि पुट दोन्ही) विकत घेतले; त्याचा खर्च सुमारे ६०८ अंश होईल. दुसऱ्या दिवशी निफ्टी ३०० अंश वर गेला, परंतु अनिश्चितता संपल्यामुळे आयव्ही १४ टक्क्यांवर आली, तर त्या स्ट्रॅडलची किंमत सुमारे ४३७ अंश उरते. निर्देशांक १.२ टक्के हलूनही १७१ अंशांचा, एका लॉटला सुमारे १२,८०० रुपयांचा तोटा झाला. ‘दिशा बरोबर होती, तरी पैसे गेले’ ही तक्रार घटनेनंतर ऐकू येते; सॉफ्टवेअरमध्ये आयव्हीची पट्टी ८ टक्के खाली ओढून हेच घटनेपूर्वी पाहता येते. घटना झाल्यानंतरच्या आयव्हीचा अंदाज हवा असेल, तर त्याच निर्देशांकाच्या पुढील महिन्याच्या एक्स्पायरीची आयव्ही पाहावी. घटनेचा फुगवटा तीत तुलनेने कमी मिसळलेला असतो.

साधनाने गृहीत धरलेल्या गोष्टी

सॉफ्टवेअरचे उत्तर त्यात भरलेल्या गृहीतकांइतकेच खरे असते, म्हणून काही गोष्टी स्वतः तपासून घ्याव्या लागतात. पहिली गोष्ट, साधन कोणता भाव उचलते. दूरच्या स्ट्राइकमध्ये शेवटचा सौदा तासाभरापूर्वीचा असू शकतो. त्या शिळ्या भावावरून काढलेली आयव्हीही शिळीच असते आणि तिच्यावर उभारलेला सगळा आलेख बिघडतो. अशा ठिकाणी खरेदी आणि विक्रीच्या देकारांचा मध्य स्वतः भरावा.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. निफ्टीच्या खालच्या स्ट्राइकच्या पुटना सहसा वरच्या स्ट्राइकच्या कॉलपेक्षा अधिक आयव्ही असते आणि घसरणीत हा उतार आणखी तीव्र होऊ शकतो. बहुतेक साधने मात्र आयव्ही बदलताना सर्व स्ट्राइकना सारखीच भर घालतात. त्यामुळे घसरणीच्या चाचणीत येणारा तोटा हा किमान अंदाज समजून त्यावर थोडी भर धरणे योग्य ठरते. कॅलेंडर स्प्रेडमध्ये ही उणीव सर्वांत जास्त जाणवते, कारण तेथे दोन वेगवेगळ्या एक्स्पायरी असतात आणि जवळच्या एक्स्पायरीची आयव्ही दूरच्या एक्स्पायरीच्या आयव्हीपेक्षा अधिक वेगाने वर-खाली होते. साधन दोन्हींना ५ टक्के वाढवून ‘फायदा’ दाखवत असेल, तेव्हा प्रत्यक्षात जवळची ८ आणि दूरची २ टक्के वाढलेली असू शकते. ज्या साधनात प्रत्येक एक्स्पायरीची आयव्ही स्वतंत्रपणे बदलता येत नाही, त्याच्या आधारे कॅलेंडरचा निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दिवस मोजण्याची पद्धतही पाहावी. काही साधने कॅलेंडरचे दिवस मोजतात, काही व्यवहाराचे, आणि शुक्रवारी संध्याकाळी लक्ष्य-तारीख सोमवार केली की हा फरक उघडा पडतो. एक्स्पायरीच्या दिवशी तर तारखेची पट्टी निरुपयोगीच असते. त्या दिवशी गॅमा, म्हणजे निर्देशांक हलला की ऑप्शनची संवेदनशीलता बदलण्याचा वेग, इतका तीव्र असतो की तासांच्या हिशेबाने चाचणी करता आली तरच तिला अर्थ आहे. समभागांच्या ऑप्शनमध्ये आणखी एक प्रश्न जोडावा लागतो. ऑक्टोबर २०१९ पासून भारतात समभागांच्या सर्व डेरिव्हेटिव्ह सौद्यांची पूर्तता प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होते, त्यामुळे ‘एक्स्पायरीला हा ऑप्शन पैशात (वापरला तर फायदा देणारा) राहिला, तर संपूर्ण शेअरची रक्कम किंवा शेअर माझ्याकडे आहेत का’ हेही तपासावे.

मार्जिनची चाचणी

नफा-तोट्याच्या चौकटीत मार्जिन, म्हणजे पोझिशनसाठी तारण म्हणून ठेवावी लागणारी रक्कम, दिसत नाही, आणि पुष्कळ पोझिशन त्यापायीच भलत्या वेळी बंद कराव्या लागतात. स्पॅन ही मार्जिनची पद्धत, जी शिकागो मर्कंटाइल एक्स्चेंजने १९८८ मध्ये आणली आणि जी एनएसईवरही वापरली जाते, मुळात ‘असे झाले तर?’ चाचणीच आहे. ती किमतीच्या सात पातळ्या घेते, प्रत्येक पातळीवर अस्थिरता एकदा वाढवून आणि एकदा घटवून पाहते, त्यात किमतीच्या अतिटोकाच्या दोन हालचाली मिळवते, आणि अशा १६ परिस्थितींतील सर्वांत मोठ्या तोट्यावरून रक्कम ठरवते. त्या दोन टोकाच्या परिस्थितींतील तोट्याचा मात्र काही भागच धरला जातो. याचा अर्थ असा की बाजार हलला किंवा अस्थिरता वाढली की तीच पोझिशन उद्या अधिक मार्जिन मागेल. नव्या नियमांचाही परिणाम आहे: २० नोव्हेंबर २०२४ पासून निर्देशांकाच्या विकलेल्या ऑप्शनवर एक्स्पायरीच्या दिवशी २ टक्के जादा मार्जिन लागते, आणि १ फेब्रुवारी २०२५ पासून त्या दिवशी संपणाऱ्या सौद्यांना कॅलेंडर स्प्रेडची सवलत मिळत नाही. मार्जिन गणकात आजच्याबरोबर एक्स्पायरीच्या दिवसाचा आकडाही काढावा, आणि हेजचा लेग आधी विकून टाकला तर उरलेल्या लेगला किती मार्जिन लागेल हेही पाहावे. हा शेवटचा आकडा अनेकांना चकित करतो.

स्वतःची चौकट स्प्रेडशीटमध्ये

तयार साधन चांगले असले, तरी एकदा स्वतः चौकट बांधल्याशिवाय आत काय चालते हे कळत नाही. एक्सेलमध्ये पातळी, आयव्हीतील बदल आणि उरलेले दिवस यांसाठी तीन स्वतंत्र कप्पे ठेवा. खाली प्रत्येक लेगची एक ओळ करा: कॉल की पुट, स्ट्राइक, संख्या (विक्रीसाठी उणे), व्यवहाराचा भाव आणि त्या लेगची स्वतःची आयव्ही. प्रत्येक लेगची आजची आयव्ही गोल सीकने काढता येते: सूत्राचे उत्तर व्यवहाराच्या भावाइतके येईपर्यंत आयव्हीचा कप्पा बदलायला त्याला सांगायचे. मग ‘स्वतःची आयव्ही अधिक बदल’ असे मिळवून ब्लॅक-शोल्सने नवी किंमत काढा, तीतून व्यवहाराचा भाव वजा करा, संख्येने गुणा आणि सर्व लेगची बेरीज करा. आजची पातळी, शून्य बदल आणि आजचे उरलेले दिवस भरल्यावर ही बेरीज शून्य आली पाहिजे. येत नसेल, तर कुठेतरी चिन्ह किंवा दिवसांचा आकडा चुकला आहे, आणि तो दुरुस्त होईपर्यंत पुढे जाऊ नये.

यानंतर डेटा मेनूतील व्हॉट-इफ अॅनालिसिसमधून डेटा टेबल घ्या, ओळींत निफ्टीच्या पातळ्या आणि स्तंभांत आयव्हीतील बदल मांडा. डेटा टेबल दोनच चले घेते, म्हणून उद्या, आठवड्याने आणि एक्स्पायरीच्या आदल्या दिवशी अशी तीन टेबले शेजारी करावीत. त्यांचे इनपुट कप्पे त्याच शीटवर असावे लागतात, नाहीतर एक्सेल नकार देते. ४ जून २०२४ किंवा घटनेनंतरची उतरलेली आयव्ही अशा नावाच्या परिस्थिती सिनॅरिओ मॅनेजरमध्ये जतन करून ठेवल्या, की प्रत्येक नव्या पोझिशनला त्या एका क्लिकसरशी लावता येतात. दलाली, एसटीटी (रोखे व्यवहार कर) आणि देकारांमधील फरक यांसाठी प्रत्येक लेगमागे एक रक्कम वजा करायला विसरू नये. चार लेगांच्या रणनीतीत आत जाताना आणि बाहेर येताना मिळून आठ सौदे होतात, आणि गडबडीच्या दिवशी देकारांमधील फरक रुंदावतो.

उत्तरावरून निर्णय

चौकट तयार झाली की ती दोन ठिकाणी कामी येते. एक म्हणजे पोझिशनचा आकार. खात्याला एका दिवसात ४०,००० रुपयांहून अधिक फटका सोसवणार नसेल, तर वरच्या उदाहरणात ४ जूनसारख्या दिवशी प्रत्येक लॉटला १९,८०० रुपये जातात, म्हणून आयर्न कॉन्डोरचे दोनच लॉट, आणि स्ट्रँगलचा एकही नाही. मार्जिन किती लॉटना पुरते हा प्रश्न यानंतर येतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात राहिले. त्यामुळे मार्जिन पुरते तेवढे लॉट घेण्याची सवय प्रत्येकाने गांभीर्याने तपासून पाहावी, असे मला मनापासून वाटते.

दुसरे म्हणजे दुरुस्तीचा आराखडा. निफ्टी २४,५०० वर आला आणि आयव्ही १८ झाली, तर पुटची बाजू बंद करायची, ती खाली सरकवायची की सर्व काढून टाकायचे, हे त्या क्षणी घाईत ठरवण्यापेक्षा आजच त्या परिस्थितीत सॉफ्टवेअर नेऊन प्रत्येक पर्यायाची पुन्हा चौकट काढावी. सरकवलेल्या पोझिशनलाही वाईट दिवस दाखवावा. पुष्कळदा असे दिसते की दुरुस्तीने आजचा तोटा झाकला जातो, पण पुढच्या २ टक्के घसरणीचा धोका पहिल्यापेक्षा मोठा होतो. निवडलेला पर्याय आणि त्याची पातळी पोझिशन घेतानाच लिहून ठेवावी.

पोझिशन बंद झाल्यावर त्या दिवसाची खरी पातळी, खरी आयव्ही आणि उरलेले दिवस चौकटीत भरून तिने दिलेला आकडा आणि प्रत्यक्ष नफा-तोटा यांची तुलना करावी. आठ-दहा पोझिशनच्या अशा नोंदी झाल्या की आपले साधन घसरणीत तोटा कमी दाखवते का, खर्च आपण कमी धरतो का, कोणत्या स्ट्राइकची आयव्ही अंदाजाबाहेर हलते, हे स्पष्ट होऊ लागते, आणि त्यानुसार पुढच्या चौकटीतील आयव्हीचे बदल आणि खर्चाचे आकडे सुधारता येतात.